इरल्याची गाठ

सून साकवाच्या कडेला घसरत गेली तेव्हा मी तिचा पाय धरला. तिचं पावसाचं इरलं वाऱ्याने फुगून कठड्याबाहेर गेलं होतं आणि दोरीने तिच्याच कमरेला बांधलेलं होतं. तिथे कठड्याचा एक गज नव्हता. खाली धबधब्याचं पाणी खडकावर आपटत होतं.

ती गाठ मी मारली होती.

आमचं भाताचं खाचर धबधब्याखाली, ओढ्यापलीकडे. जायला तो लोखंडी साकव. भात लावताना आम्ही बायका पाठीवर इरलं घेतो, बांबूच्या कामट्यांवर प्लास्टिकचा कागद. साकवावर मात्र ते उतरवून बगलेत धरायचं, कारण धबधब्याचा वारा खालून वर येतो. आमच्या वेल्ह्यात हे लहान पोरीलाही कळतं. सून सारोळ्याची, हायवेकडची. तिला कुठून कळणार? आदल्या दिवशी घराजवळच्या खाचरात तिचं इरलं दोनदा उडालं, तेव्हा मी सगळ्यांदेखत बोलले, "म्हायेराहून हात आणलंस का न्हाई?" सकाळी मीच दुहेरी गाठ मारून दिली. साकवाचं सांगायचं राहिलं. माझं इरलं उतरवून मी पुढे निघाले. ती ओरडली तेव्हा मागे पाहिलं.

भिजून गाठ आवळली होती, नखाने सुटेना. गवताचा विळा कमरेला होता, त्याने दोरी कापली. तिच्या पोटालाही लागला. वण अजून आहे.

पलीकडे जाऊन खडकावर बसलो.

"आत्या, इरलं गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे मसणात."

"आज वराडणार न्हाई?"

"गाठ म्या मारली व्हती."

ती हसायला लागली. तिने माझे हात ओल्या पदरात धरले. मी काढून घेतले नाहीत.

आता गज बसवलाय. सुट्टीला मोटारी येतात, लोक साकवावर उभं राहून मोबाईलने फोटो काढतात. आम्ही रोपांच्या मुठी घेऊन थांबतो. माझी बोटं आता नीट वळत नाहीत. साकवाच्या अलीकडे सून आधी माझी दोरी सोडते, मग स्वतःची.

त्या दिवशी साकवावर आम्ही दोघीच होतो. दोघी जिवंत आहोत.