नाव परत करायचा दिवस

गोंडपिपरीच्या तहसील ऑफिससमोर झेरॉक्सचं एक दुकान आहे. खुशबू रामटेके तिथे सहा वर्षांपासून टायपिंग करते. दिवसाचे निम्मे अर्ज नावातल्या दुरुस्तीचेच असतात. आधार कार्डावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरंच. लोक ओशाळून उभे राहतात, चूक जणू त्यांचीच. खुशबूला त्याचा राग येतो.

एके दिवशी जंगलाकडच्या एका गावातून सुकलू आत्राम आला. लहानपणी गुरुजींनी दाखल्यावर त्याचं नाव परस्पर सुखलाल करून टाकलं होतं, आणि आता ऑफिसातले लोक सगळीकडे तेच लाव म्हणून त्याला सांगत होते.

"हा सुखलाल कोन आहे, मले मालूमच नाई, बाई," तो म्हणाला.

खुशबूने त्याचं प्रतिज्ञापत्र सुकलू याच नावाने करून दिलं. वर, कोणी अडवलं तर माझ्याकडे पाठवा, असंही सांगितलं. त्या संध्याकाळी घरी येऊन तिने वही काढली.

तिला एल्फ फार आवडायचे. टोकदार कानांचे, शेकडो वर्षं जगणारे, झाडांशी बोलणारे ते लोक तिने हिंदीत डब केलेल्या सिनेमांत पाहिले होते. त्यांच्यावर एक लांबलचक गोष्ट ती दोन वर्षांपासून लिहीत होती. तिचे एल्फ मोहाच्या आणि सागाच्या रानात राहायचे. पण त्यांना नावं कशी पडतात, हे तिचं ठरत नव्हतं. त्या दिवशी ठरलं. एल्फाचं बाळ जन्मलं की जो पहिला भेटेल तो त्याला नाव देतो, मग तो मित्र असो की शत्रू. बारा वर्षं पूर्ण झाली की ते मूल नदीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून ते नाव परत करतं. मग तीन दिवस त्याला नावच नसतं. चौथ्या दिवशी ते स्वतःचं नाव स्वतः सांगतं. नवं सांगेल, नाहीतर जुनंच पुन्हा घेईल. पण घेणारं ते स्वतः.

यातला शेवटचा भाग तिच्या आजोबांचा होता. त्यांचं नाव लहानू. आईबापाला मुलाचं नाव राजाराम ठेवायचं होतं. गावचा मालगुजार, म्हणजे जमीनदार, म्हणाला की तुमच्या घरात राजा कुठून आला, लहान आहात, लहानू ठेवा. तेच राहिलं. छप्पन साली अकरा वर्षांच्या लहानूला घेऊन बाप पायी चांद्याला गेला, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि परतताना पोराला म्हणाला की आता तुला हवं ते नाव घे. पोराने दोन दिवस विचार केला आणि लहानूच ठेवलं. का, असं खुशबूने विचारलं होतं, तेव्हा आजोबांनी सांगितलं, "त्यानं देल्लं तवा ते त्याचं होतं. मी ठेवलं तवा माह्यं झालं."

गोष्टीच्या नायिकेचं नाव तिने कचरी ठेवलं. शत्रूने हिणवायला दिलेलं. ती ते नदीत परत करते, आणि चौथ्या दिवशी सगळ्या जमातीसमोर तेच नाव मोठ्याने सांगते.

मोबाइलवर गोष्टी ऐकवणाऱ्या पुण्याच्या एका कंपनीला खुशबूने पहिले पाच भाग पाठवले. पंधरा दिवसांनी माधवी मॅडमचा फोन आला. त्या मनापासून कौतुक करत होत्या. चाळीस भाग करायचे, असं त्यांच्या मनात होतं. दुकानमालकाला कळू नये म्हणून खुशबू मागच्या गल्लीत जाऊन बोलली.

दुसऱ्या फोनवर मॅडमनी बदल सांगितले. एल्फांची नावं ऐकायला गोड, चांदण्यासारखी हवीत. नायिकेचं नाव एलारिया करू. ते नदीचं प्रकरण काढू, त्याऐवजी राजगुरू नक्षत्र पाहून नाव देतील. कचरी नावाची एल्फ कोणी ऐकणार नाही गं, असंही त्या समजावून म्हणाल्या.

खुशबूने विचार करायला एक दिवस मागितला. दिवसभर ती अर्ज टाइप करत राहिली. भाऊ राजदीप म्हणाला की आधी हो म्हण, पुढची गोष्ट मनासारखी लिही. त्याचं म्हणणं चुकीचं होतं असंही नाही. पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच फोन लावला.

"मॅडम, नक्षत्र पाहून कोनी नाव देल्लं तर माह्ये एल्फ एल्फच नाई राहत," ती म्हणाली. आजवर मॅडमशी ती शाळेतलं मराठी बोलत होती. त्या दिवशी तिने ते सोडून दिलं. "कचरी कचरीच राहीन. नाई जमत तर ऱ्हाऊ द्या."

नाही जमलं. त्या रात्री ती जेवली नाही, हेही खरं.

आठवड्याने तिने पहिला भाग स्वतःच्या आवाजात, घरच्या झाडीबोलीत, मोबाइलवर रेकॉर्ड केला आणि इंटरनेटवर टाकला. एल्फ काय असे बोलतात का, म्हणून लोक हसले. तिने दुसरा टाकला. बाराव्या भागात कचरी नदीत उतरली, तेव्हा ब्रह्मपुरीहून, सिरोंचाहून, कुठून कुठून निरोप आले. बहुतेकांनी गोष्टीबद्दल लिहिलंच नव्हतं, स्वतःच्या नावाबद्दल लिहिलं होतं.

घरी आजी ठमाबाई रोज ऐकायची. बारावा भाग संपल्यावर तिने विचारलं, "लग्नात बायाईचं नाव बदलते का तुह्या जंगलात?"

खुशबूने याचा विचारच केला नव्हता.

आजीने सांगितलं की ती लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिचं नाव सुजाता ठेवलं होतं. नाव चांगलं होतं, सासूही चांगली होती. पण विचारलं कोणी नव्हतं.

"मंग?"

"मंग काय. सुजाता म्हनून हाक मारली का मी ओच देत नाई. दोन महिने."

लहानू आजोबा खाटेवरून म्हणाले की ते दोन महिने घरात कोणाला कोणती वस्तू कुठे ठेवली आहे ते कळत नव्हतं, कारण ठेवणारी हीच आणि हाकेला ओ देईना. शेवटी सासूनेच एका सकाळी ठमा म्हणून हाक मारली, आणि आजी लगेच उठली.

खुशबू आता गोष्टीचं दुसरं पर्व लिहीत आहे. त्यात एका एल्फ मुलीचं लग्न आहे.