फरशीवर पडलेलं हिब्रू पुस्तक

ती घटना आजही डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि चोरीला गेलं होतं काय, तर एक पुस्तक.

दिल्लीत गाड्या, दागिने, मोबाइल यांच्या फिर्यादी रोजच्याच. पण आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये मुलीकडे राहणारे एक निवृत्त अधिकारी पुस्तकाची फिर्याद घेऊन माझ्या ठाण्यात आले. गृहस्थ बेने इस्रायली, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. यहुदी तत्त्वज्ञानाची जुनी छापील हिब्रू पुस्तकं जमवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यातलं सर्वांत जुनं, चार-साडेचारशे वर्षांपूर्वी व्हेनिसला छापलेलं, कपाटातून गेलं होतं. कुलूप शाबूत.

कुलूप शाबूत असलं की संशय कामवालीवर जातो. हा नियम कुठल्या कायद्यात नाही, पण पाळतात सगळे. तिला रोज चौकशीला बोलावलं जाई. कॉलनीत बभ्रा झाला आणि बाकीच्या घरांनीही तिचं काम बंद केलं. “साहब, मुझे तो हिंदी भी पढ़नी नहीं आती, उस किताब का मैं क्या करूँगी?” एवढंच ती म्हणे. मुद्दा बिनतोड होता, पण नुसत्या मुद्द्यावर कुणी सुटत नाही.

मग खबऱ्याने कळवलं की फरीदाबादला जुन्या वस्तूंच्या दुकानात एक तरुण उर्दूसारखं उलट्या बाजूने उघडणारं पुस्तक दाखवून गेलाय आणि पुन्हा येणार आहे. तिथल्या पोलिसांना कळवून साध्या वेशात पाळत ठेवली. तरुण मुद्देमालासकट सापडला. चांगल्या कंपनीत नोकरी, कडक इस्त्रीचा शर्ट, ‘कर’ने संपणारं आडनाव. मला तो आपल्यातलाच कुणी वाटला.

“सर, कबाडीकडून घेतलं यार... सॉरी सर. मला तर ते उर्दू वाटलं,” तो म्हणाला. कबाडी कुठला, ते मात्र दर वेळी बदलत होतं.

दुकानातच जप्तीचा पंचनामा चालू होता. हवालदार सवयीप्रमाणे पुस्तक उघडायला गेला, ते उलटं निघालं, आणि फिरवताना त्याच्या हातून निसटून फरशीवर पडलं. तरुण खुर्चीतून झेपावला. त्याने पुस्तक उचललं आणि त्याचं चुंबन घेतलं. आपण असतो तर कपाळाला लावलं असतं.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?” मी विचारलं.

“मामा...” तो बोलून गेला. फिर्यादींचा तो सख्खा भाचा; बेने इस्रायलींची आडनावंही ‘कर’नेच संपतात. किल्ली कुठे असते, हे त्याला माहीत होतं. बाईवर आळ आलाय, हेही माहीत होतं. “मामांनंतर कोण वाचणार होतं ते, सर?” असं वर त्याने मलाच विचारलं!

मामांना ठाण्यात बोलावून सगळं सांगितलं. “पडलं तेव्हा चुंबन घेतलं त्याने?” त्यांनी पुन्हा विचारलं. “मीच शिकवलं होतं, लहानपणी.” आणि ते रडू लागले. आता फिर्याद मागे घेण्याची भाषा सुरू होणार, असं मी धरून चाललो होतो. डोळे पुसून ते म्हणाले, “बाहेर बाई बसलीय, तिला आधी घरी पाठवा. मग ह्याचं नाव लिहा.”

संस्कार खोटे नव्हते त्या पोराचे. पुस्तक जमिनीवर पडलेलं त्याला सोसवलं नाही, बाई धुळीला मिळाली तरी चाललं. त्यानंतर ठाण्यात कुणी कुणाच्या सज्जनपणाची ग्वाही द्यायला आलं, की मी एवढंच विचारत असे: त्याच्या घरची कामवाली काय म्हणते?