तेहतीस खडे

मुकादम कचेरीत आले की वहाणा दाराबाहेर काढत, माझ्या टेबलापाशी येत आणि काळ्या कोटाचा डावा खिसा सरळ उलटा करत. माझ्या कागदांवर खडे खडखडत पडत. मग ते म्हणत, "मोजा, भाऊ."

एक खडा म्हणजे एक चूल. वस्तीवर गेले की प्रत्येक घरात डोकावायचे, चूल पाहायची आणि निघताना त्याच दारातला एक खडा उचलून खिशात टाकायचा, ही त्यांची पद्धत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सारी उमर घाटात रेल्वेच्या गँगवर गेली, तिथेही हजेरी ते अशीच घेत. घरे का मोजत नाही, असे मी एकदा विचारले. "छप्पर एक असतं, भाऊ. खाली दोन भाव येगळं झाल्यालं असत्यात, कोपऱ्यात एखादी रांडाव बाई निराळं रांधती. चुली मोजल्या की समदं कळतं," ते म्हणाले.

मी तेव्हा लोणावळ्याला एका ट्रस्टमध्ये कारकून होतो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची ती वर्षे. मुंबईच्या एका शेटजींनी मावळातल्या मागे पडलेल्या गावांसाठी आपल्या मिळकतीतून हा ट्रस्ट काढला होता. कुठे विहीर, कुठे शाळेची खोली, कुठे ओढ्यावर साकव. गावाचा अर्ज आला की मुकादम चौकशीला जात, ते सांगतील तसा अहवाल मी लिही, आणि मे महिन्यात विश्वस्त बंगल्यावर हवा खायला आले की मंजुरी देत. अर्ज कितीही सुंदर अक्षरात असला तरी मुकादम तो हातात धरून म्हणत, "कागद कुटं चालत जातोय? आपुन जायाचं." आणि भर पावसात घोंगडी घेऊन निघत.

त्यांना फसवणे सोपे नव्हते. उर्से बाजूच्या एका गावात पाटलाने चौकशीच्या दिवशी गोठ्यांतसुद्धा चुली पेटवून ठेवल्या होत्या. मुकादमांनी एका चुलीच्या राखेत हात घातला. राख बोटभरसुद्धा नव्हती, खाली शेणाची ओली जमीन. ते पाटलाला म्हणाले, "ही तर काल जल्माला आली. बारसं कवा जेवायचं?" पाटील बिचारा हसण्यावारी नेऊ लागला. मुकादमांनी त्या चुलीचा खडा उचलला नाही.

ईदच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्यासाठी डब्यातून शीरखुर्मा आणत. माझ्या घरी हे चालण्यासारखे नव्हते. मी कचेरीचे दार लोटून घेऊन खाई आणि ते बाहेर बाकावर राखणीला बसत. "मिटक्या जरा हळू मारा, भाऊ," असे आतल्या आत हसत म्हणत. अशी माणसे तुम्हीही पाहिली असतील. ती असतात तोवर आपण त्यांना गृहीत धरतो.

पवनेच्या खोऱ्यात डोंगराला टेकून एक ठाकरवाडी होती. चुली बारा. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये मोठा ओढा, पावसाळ्यात तो उतरू देत नसे. चार महिने वाडीला ना बाजार, ना दवाखाना. त्यांनी साकव मागितला. पण तीस चुलींच्या आतल्या वस्तीला काम द्यायचे नाही, असा ट्रस्टचा नियम होता. नियम काही दुष्टपणाने केलेला नव्हता. थोड्यांच्या सोयीवर पुष्कळांचा पैसा जाऊ नये, असा त्यामागचा विचार. पण सगळ्यांत आडबाजूची वस्ती सगळ्यांत लहान असते, हे बंगल्याच्या ओसरीवर बसलेल्यांच्या ध्यानात यायचे नाही. मुकादमांनी दोन वर्षे बारा खडे आणले, मी दोन वर्षे बारा लिहिले आणि दोन्ही वर्षे अर्ज परत गेला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात ते वाडीच्या वाटेवर होते. पलीकडच्या काठावर वाडीच्या लोकांनी एका अडलेल्या बाईला डोलीतून आणून ठेवले होते. अलीकडे मुकादम उभे. मधे पाणी. दिवसभर कोणालाच उतरता आले नाही आणि संध्याकाळी डोली परत फिरली. दिवाळीनंतर ते पुन्हा वाडीवर गेले. परत आल्यावर त्यांनी खिसा उलटा केला आणि अकरा खडे पडले.

"एक कमी?" मी विचारले.

"तिचा दादला भावाकडं जेवतो आता," ते म्हणाले आणि माझ्यासमोर बसून राहिले. उठताना त्यांनी ते खडे परत खिशात भरले. "हे न्हाई लिवायचे, भाऊ. मी परत जाऊन येतो."

आठवड्याने आले ते खिसा चांगला जड करून. टेबलावर ढीग पडला. अकरा खडे खडबडीत, काळे, दारातल्या मातीने माखलेले. बाकीचे गुळगुळीत आणि गोल. असे खडे कोणाच्या दारात नसतात, ते ओढ्याच्या पात्रात असतात. मी मान वर केली. मुकादम खिडकीबाहेर पाहत होते.

"मोजा, भाऊ," ते म्हणाले.

मी मोजले. तेहतीस भरले. तेहतीस लिहिले.

मे महिन्यात मंजुरी मिळायला पाच मिनिटेही लागली नाहीत. मुकादमांनी मोजले म्हणजे मोजले, असे चिटणीस वकीलसाहेब सगळ्यांना सांगत. सात वर्षे या माणसाने एक खडा इकडचा तिकडे केला नव्हता, ती सारी पुण्याई एका दिवसात खर्ची पडली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत साकव उभा राहिला. दोन्ही काठांना दगडी बांधकाम, वर सागाच्या तुळया.

उद्‌घाटनाला विश्वस्त आले. हार झाले, नारळ फुटला. वकीलसाहेब साकवाच्या मध्यावर उभे राहिले आणि समोर पाहू लागले. वाडी एका नजरेत मावण्याएवढीच होती. त्यांनी मला हाक मारली.

"तेहतीस चुली तुम्ही लिहिल्या?"

मुकादम माझ्या शेजारीच होते. मी म्हणालो, "त्यांनी सांगितलं ते मी लिहिलं, साहेब."

यात एक अक्षर खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके नीच होते. मुकादमांनी लगेच मान हलवली. "व्हय साहेब. भाऊंला काय ठावं न्हाई. त्यांनी फकस्त लिवलं."

त्यांची नोकरी तिथेच, साकवावरच गेली. एवढ्याने भागले नाही. वाडीच्या लोकांना समोर बसवून वकीलसाहेबांनी सांगितले की तुमच्या नावावर खोटेपणा झाला आहे, यापुढे ट्रस्ट तुम्हाला काही देणार नाही. शाळेची खोली ठरत आली होती, ती रद्द झाली. महिन्यातून एकदा औषधाची पेटी घेऊन कंपाउंडर जायचा, तेही बंद. सुक्याबरोबर ओले जळते म्हणतात. इथे सुके असे काही नव्हतेच.

मुकादम घाटाखाली खोपोलीला मुलीकडे गेले. निघताना कचेरीत आले नाहीत. मी एकदा तरी जाऊन भेटायला हवे होते. लोणावळ्याहून खोपोली काही काळ्या पाण्यापलीकडे नाही. पण तोंड कुठले घेऊन जायचे, असे म्हणत म्हणत मी दोन वर्षे काढली आणि एका पावसाळ्यात ते गेल्याचे कळले. त्यांची नोकरी गेली त्याच वर्षी मला पगारवाढ मिळाली होती.

पुढे एकदा आषाढात दुसऱ्या गावाच्या कामाला जाताना मी त्या वाडीवर थांबलो. पहिल्याच घरातल्या म्हातारीने ओटीवर बसायला घोंगडे टाकले आणि गुळाचा चहा ठेवला. इतक्यात साकवावरून एक पोरगेली बाई येताना दिसली. तिच्या छातीशी फडक्यात गुंडाळलेले तान्हे मूल होते. तिची सासू मागून डोक्यावर इरले धरून चालत होती.

"माझ्या भावाची सून," म्हातारी म्हणाली. "लोनावळ्याच्या दवाखान्यात बाळातीन झाली. आडवं आलतं पोर. वाचली."

मी म्हणालो, "साकव झाला ते बरं झालं, मावशी."

"बरं झालं की. शेटचं लय उपकार हायेत." तिने चहा गाळला. "पन साळा गेली. त्या म्हाताऱ्या मुकादमानं घात केला बगा. आमी कवा कुनाशी खोटं बोललो न्हाई आन त्यानं आमाला लबाड ठरवलं. काय खाल्लं आसंल त्यात, त्याचं त्याला ठावं."

"तो काही खाणारा माणूस नव्हता," एवढे एक वाक्य बोलायचे होते. त्यापुढचेही सांगता आले असते. माझ्या जिभेवर ते आलेही. पण मग म्हातारीने विचारले असते की तुम्ही कोण आणि तुम्हाला हे कसे ठाऊक.

मी चहा संपवला, म्हातारीला रामराम केला आणि भरून वाहणाऱ्या ओढ्यावरून कोरड्या पायांनी परत आलो.