लेकीच्या घरचं पाणी

निजाम जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. वडिलांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. माझ्या दोघा भावांची वाटणी आधीच झाली होती. शेत, बैल, भांडी सगळं वाटून झालं होतं. राहिले होते फक्त आईवडील. वडील मंठ्याला थोरल्याकडे आणि आई बदनापूरला धाकट्याकडे, असं दोघांनी ठरवून टाकलं.

मी परतूरला दिलेली. ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, दोघांना मी ठेवते, एकत्र. नवऱ्याची ना नव्हती. भावांचं तर आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असं झालं. त्यांनी माझं बोलणंही पुरं होऊ दिलं नाही.

अडले ते वडील. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत.

"पोरी, तुझी कूस उजवू दे, मंग येतो," ते म्हणाले.

माझ्या लग्नाला तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मला काही वाटलं नाही. अशा बोलण्याची सवय झाली होती.

तोड मीच काढली. आमच्या भिंतीला लागून एका मारवाडी दुकानदाराची खोली होती, ती दोघांसाठी घेतली. जोंधळे भावांच्या शेतातून यायचे. चूल वेगळी, घागर वेगळी. आडावरून पाणी आई आणायची, कारण मी भरलेलं वडिलांना चालत नव्हतं. "लेक असावी तर अशी," गल्लीतल्या बायका म्हणायच्या. मला ते गोड लागायचं.

काही वर्षांनी वडील गेले. तेरावा झाल्यावर थोरला भाऊ आईला न्यायला बैलगाडी घेऊन आला.

"माय, आता तरी माझ्या घरी राहा," मी म्हटलं.

तिने गाठोडं गाडीत ठेवलं, मग माझ्या स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली.

"पानी दे."

मी तांब्या भरून पुढे केला. "तुला चालतं?"

"नेम तुह्या बापाचा व्हता. घागरी वाहून माही कंबर गेली. मला कुनी इचारलंच न्हाई. तूबी न्हाई."

तिने तांब्या रिकामा केला, पदराने तोंड पुसलं.

"थोरल्याकडं सून पानी भरती," म्हणाली आणि उठली.

गाडी मंठ्याच्या रस्त्याला लागली. मी दारात उभी होते. रडू आलं नाही.