क्वीन्सटाउनहून दिसलेलं मैदान

सिंगापूरला निघताना मुलीसाठी भाजणी आणि मेतकूट घेतलं, जावयासाठी बाकरवडी घेतली. सेल्वमसाठी काय न्यावं हे मात्र शेवटपर्यंत सुचलं नाही. अखेर विमानतळावरच्या दुकानातून काजूकतलीचा डबा उचलला आणि तो हातात धरूनच विमानात बसलो.

सेल्वम माझ्या काही वाचकांना आठवत असेल. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी इंग्लंडमधल्या दिवसांवर लिहिलं होतं. लँकेशायरमधल्या एका गिरणगावात मी कापडयंत्रांचं प्रशिक्षण घेत होतो. सेल्वम हा सिंगापूरचा तमिळ माणूस, माझा खोलीतला सोबती. दर शनिवारी आम्ही गावच्या जुन्या फुटबॉल मैदानावर जात असू. एकदा सेल्वम दारू पिऊन मैदानाच्या जिन्यावरून गडगडतो, गुडघा मोडून घेतो आणि मी त्याला अफाट गर्दीत शोधत फिरतो, असा प्रसंग त्या लेखात होता. तो लोकांना फार आवडला. घरोघरी मोठ्यानं वाचला गेला. आपल्याकडच्या प्रवासवर्णनात फजिती होणारा एक सोबती लागतोच. तसा मिळाला नाही तर आम्ही लिहिणारे तो तयार करतो.

सेल्वमनं आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. आणि त्या दिवशी मैदानात गर्दी नव्हती. हे आधी त्याच्यासमोर बोलायचं आणि मग छापायचं, एवढं ठरवून मी निघालो होतो. त्याला मराठी येत नसल्यामुळे आपल्यावर असं काही लिहिलं गेलं आहे, याचाही त्याला पत्ता नव्हता.

मुग्धा, माझी मुलगी, सेंगकांगला राहते. उंच, एकसारख्या इमारती, खाली बाबागाड्या ढकलणारे तरुण आईबाप, आणि मधून डोक्यावरून जाणारी एलआरटी (दोनच डब्यांची, चालकाविना धावणारी छोटी गाडी). दुसऱ्याच दिवशी मी एकटा फिरायला निघालो आणि त्या गाडीत बसलो. बराच वेळ शाळा, इमारती, कालवा असं पाहत राहिलो. मग मघाचीच दवाखान्याची पाटी पुन्हा आली. गाडी गोल फिरते आणि जिथून निघाली तिथेच आणून सोडते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उतरलो तर समोर मुग्धा भाजी घेऊन उभी.

"बाबा, कुठं जाऊन आलात?"

"कुठंच नाही," मी म्हणालो. ते खरंच होतं.

सेल्वमला फोन करायला मी चार दिवस टाळाटाळ केली. मुग्धाबरोबर लिटिल इंडियात गेलो, कढीपत्ता आणि ताजं नारळाचं खोबरं आणलं, मोगऱ्याच्या गजऱ्यांसमोर उगाच उभा राहिलो. शेवटी त्याचाच निरोप आला. आमचं ते मैदान आता बंद होणार होतं. क्लब गावाबाहेर नव्या जागी जाणार, जुन्या जागी घरं होणार. शनिवारी शेवटचा सामना. तिथला दुपारचा लवकरचा सामना म्हणजे इथली संध्याकाळ. 'नात इंटरनेटवरून टीव्हीला लावून देणार आहे. ये,' एवढंच त्यानं लिहिलं होतं.

मी एकटाच जाणार होतो. पण निखिल, माझा जावई, फुटबॉलचा वेडा. शिवाय माझा तो लेख त्याला जवळपास पाठ.

"बाबा, खुद्द सेल्वम? गडगडणारा सेल्वम? मी येणारच!"

नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. ते सांगण्याचं धैर्य मला झालं नाही.

क्वीन्सटाउनला जायला सेंगकांगहून जांभळ्या मार्गाची एमआरटी (तिथली मेट्रो) आणि मग एकदा बदल. इमारती जुन्या, बुटक्या, पण झाडं मोठी. सेल्वमच्या इमारतीखाली कॉफीचं दुकान आहे. तिथे भरल्या दुकानात एक टेबल मोकळं दिसलं. टेबलावर कागदी रुमालांचं पाकीट पडलं होतं. घाम आला होता म्हणून मी त्यातला एक रुमाल काढून तोंड पुसलं.

"करन! अजून तसाच. दुसऱ्यानं राखलेल्या जागेचा सत्यानाश!"

माझं करंदीकर हे आडनाव सेल्वमला कधी झेपलं नाही. हातात काठी, डोक्यावर एक केस नाही, आवाज मात्र तोच. इथे जेवायची जागा राखायची असेल तर टेबलावर रुमालांचं पाकीट ठेवून देतात, याला 'चोप' करणं म्हणतात. ते पाकीट त्यानं आमच्यासाठी ठेवलं होतं. मैदानावरही तो आमची पायरी अशीच वर्तमानपत्र टाकून राखायचा. आजूबाजूला कुणी नसतानासुद्धा. मी हसलो की म्हणायचा, "सवय असलेली बरी, उद्या गर्दी झाली तर?"

त्यानं स्वतःसाठी कोपी-ओ कोसोंग (बिनसाखरेची काळी कॉफी) सांगितली, आम्हाला तेह तारिक (उंचावरून ओतून फेसाळलेला चहा) आणि थोसाई, म्हणजे आपला डोसा. काजूकतली त्यानं डबा उघडून तिथेच खायला घेतली.

"डॉक्टरनं साखर बंद केली आहे," तो म्हणाला. "म्हणून कॉफीत घेत नाही."

वर घरी त्याची नात कविता टीव्हीशी खटपट करत होती. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत. इथे मी ते मराठीत देतो आहे; सेल्वमचं वाक्याअखेरचं सिंगापुरी 'लाह' तेवढं तसंच ठेवलं आहे. चित्र आलं आणि सेल्वम खुर्ची पुढे ओढून बसला.

सामन्याआधी मैदानाचा इतिहास सांगत होते. एका गिरणीमालकानं कामगारांना दिलेली जमीन. गिरणीतल्या बॉयलरची राख टाकून केलेले उतार, पुढे त्यांच्याच झालेल्या सिमेंटच्या पायऱ्या. एका बाजूला छप्पर असलेला लाकडी स्टँड, मागे रेल्वेची लाइन. शनिवारी दुपारी भोंगा झाला की माणसं घरी न जाता तेल लागलेल्या कपड्यांनीच इथे येत. मोठ्या सामन्याला इतकी दाटी व्हायची की मागे राहिलेल्या मुलांना डोक्यांवरून हातोहात पुढे कुंपणापर्यंत पोचवत. त्याची जुनी छायाचित्रं दाखवली. नुसत्या टोप्याच टोप्या.

"बाबा, हे तुम्ही लिहिलंय!" निखिल म्हणाला. "मुलं डोक्यांवरून पुढे जाताना तुम्ही पाहिलीत ना?"

पाहिली नव्हती. ते आमच्या घरमालकिणीनं तिच्या लहानपणचं सांगितलेलं. आम्ही गेलो तोवर गिरण्या बंद पडू लागल्या होत्या, क्लब खालच्या श्रेणीत घसरला होता आणि पायऱ्यांच्या फटींतून गवत उगवलं होतं.

मग कॅमेरा मैदानावर आला. आज मात्र चारी बाजू भरलेल्या होत्या. निरोप द्यायला सगळं गाव आलं होतं. कितीतरी म्हातारी माणसं होती, आमच्या वयाची.

सेल्वम बराच वेळ पाहत राहिला. "भरलेलं मी हे पहिल्यांदाच बघतोय," तो म्हणाला.

निखिलला वाटलं तो थट्टा करतो आहे. "अंकल, तुम्ही पडलात त्या दिवशी तर प्रचंड गर्दी होती ना? आणि तुम्ही जरा जास्तच घेतली होती! आमच्याकडे तो किस्सा फार प्रसिद्ध आहे."

कवितानं माझ्याकडे पाहिलं, मग आजोबांकडे. "ताता तर पीतच नाहीत. कधीच नाही."

"नाही पीत," सेल्वम म्हणाला. त्यानं टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, पूर्ण बंद केला नाही.

मी सांगितलं. त्या शनिवारी पाऊस होता, माणसं विखुरलेली. सामना संपायच्या आधी बाहेर पडायची माझी सवय, पुढे बस मिळावी म्हणून. त्याही दिवशी मी पुढे निघालो. सेल्वम शेवटची शिट्टी ऐकून मागून येत होता. जिन्यावर तिघाचौघा पोरांनी त्याला अडवलं. त्याच्या रंगावरून बोलू लागली. त्यानं उत्तर दिलं असावं. त्याला ढकललं. मी खालच्या फाटकाशी उभा होतो. तो पडताना मला दिसला. मी फाटकातून बाहेर पडलो आणि बसमध्ये बसलो. इस्पितळात त्यानं विचारलं, कुठे होतास? मी म्हणालो, गर्दीत तू हरवलास. पुढे लिहायची वेळ आली तेव्हा गर्दी हवीच होती, म्हणून ती लिहिली. आणि ढकलणारे गाळल्यावर माणूस आपोआप कसा पडेल, म्हणून दारू लिहिली.

टीव्हीवर पाहुण्या संघाला कॉर्नर मिळाला.

"गर्दी नव्हती हे तुला माहीत होतं," मी म्हणालो.

"मी तिथेच होतो, करन."

"मग कधी बोलला का नाहीस?"

"खोलीचं अर्धं भाडं कोण देणार होतं?" तो म्हणाला. कविता हसली नाही. तोही हसला नाही. मग म्हणाला, "तुला एक गोष्ट माहीत नाही. त्या पोरांमधला एक परत आला. तांबड्या केसांचा. फाटकवाल्याला त्यानंच बोलावून आणलं. इस्पितळाची गाडी येईपर्यंत माझी टोपी हातात धरून उभा होता."

ढकलणाऱ्यांतला एक परत आला होता. मी उठलो. निखिलही गोंधळून उठला.

"कुठं चाललास?" सेल्वम म्हणाला. "अजून संपला नाही, लाह. आज तुला बस पकडायची नाही."

मी बसलो. आमचा क्लब हरला. शिट्टी झाली तरी माणसं हलेनात. मग हळूहळू मैदानात उतरली आणि गवताचे तुकडे उपटून खिशात घालू लागली. पायऱ्या एकेक करून मोकळ्या झाल्या. आमच्या पायरीच्या आसपास कुणीच राहिलं नाही, तेव्हा सेल्वमनं टीव्ही बंद केला.

निघताना दारात त्यानं विचारलं, "तुझे वाचक मला हसले?"

"फार."

"मग आता नीट लिही. हसण्यासारखं काही हवंच असेल तर ती एलआरटीची गोष्ट घाल. गोल फिरून आलेल्या म्हाताऱ्याची." ती निखिलनं त्याला कॉफीच्या टेबलावर सांगितली होती.

परतीच्या गाडीत निखिल माझ्याशेजारी बसला. सेंगकांगला उतरताना त्यानं माझा हात धरला, कारण फलाट आणि गाडीमध्ये फट होती. घरी मुग्धाला त्यानं एवढंच सांगितलं की सामना हरलो. तिला बाकीचं मी सांगितलं.

नाशिकला परत येऊन आता बरेच दिवस झाले. दिवाळी अंकातला तो लेख ज्यांनी वाचला आणि ज्यांना तो आवडला, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. त्या शनिवारी पाऊस होता. पायऱ्या रिकाम्या होत्या. फाटकातून मी मागे वळून पाहिलं, तेव्हा माझ्या आणि सेल्वमच्या मध्ये एकही माणूस नव्हता.