आवाज घरून आणा

किस्से जमवावे लागत नाहीत हो. चारकोपला कॉम्प्युटरचं दुकान टाका, ते आपोआप येऊन काउंटरवर बसतात. दुकान माझ्या धाकट्या भावाचं, नंदूचं. बिलं आणि गिऱ्हाइकांशी भांडणं माझ्याकडे. त्यातही टेबलावरचे स्पीकर घेणारं गिऱ्हाईक म्हणजे स्पेशल केस! बजेट हजार-बाराशेचं आणि आवाज पाहिजे थिएटरचा.

म्हणून नंदूने नियमच करून टाकला. "डब्यावरचे वॉट वाचू नका, तिथे काहीही छापतात. घरी जे ऐकता ते घेऊन या आणि इथे लावून बघा." तशी पाटीच लावलीय: 'आवाज घरून आणा'. आणि लोक आणतात ना!

*

सेक्टर दोनचा राहुल आईला घेऊन आला. "ताई, बेस पाहिजे, बेस!" त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये नुसता ढोल. नंदूने वूफरवाला सेट लावला तशी काउंटरची काच थरथरायला लागली. राहुल म्हणाला, "झकास!"

आई उठली, रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभी राहिली आणि तिथून ओरडली, "इथपर्यंत येतोय! नको!"

मग काय, नंदूने एकेक सेट लावायचा आणि आईने पलीकडून मान हलवायची. शेवटी जो तिला अजिबात ऐकू आला नाही, तोच घेतला. राहुलचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

*

परब बुवा पहिल्यांदा आले ते त्याच आठवड्यात. भजनीबुवा, वय सत्तरीच्या पुढे. गावच्या पाच पोरांना कॉम्प्युटरवरून, व्हिडिओ कॉल लावून भजन शिकवतात. यंदाच्या सप्ताहात ती पोरं पहिल्यांदाच देवळात गाणार होती. "बेसूर गेली तर लोक पोरांका नाय, माका हसतले," बुवा म्हणाले. "म्हणान स्पीकर बरो व्हयो."

त्यांनी पोरांचं रेकॉर्डिंग आणलं होतं. नंदूने दोन सेट लावले. बुवांनी दोन्ही वेळा मान हलवली. "आवाज बारीक येता." आणि उद्या येतो म्हणून गेले.

*

आवाज चांगला म्हणजे काय, ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. एक तावडे म्हणून आहेत, रिक्षा चालवतात. त्यांनी गावच्या जत्रेतल्या दशावताराचं रेकॉर्डिंग आणलं. नंदूने चांगला, स्वच्छ आवाजाचा सेट लावला. राजा बोलतोय, राक्षस ओरडतोय, शब्द न् शब्द कळतोय. तरी तावडे नाराज!

"ह्येच्यात जनरेटर ऐकाकच येना नाय! मगे जत्रेत बसल्यासारख्या वाटतला कसा?"

दुकानातला सगळ्यात घरघऱ्या स्पीकर आम्ही कोपऱ्यात टाकून दिला होता. तो लावला, तर तावड्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. धूळ पुसून, तीनशे रुपये कमी करून दिला.

*

देसाई सर तर घेऊन गेलेले स्पीकर परत द्यायला आले. "अर्धंच गाणं येतं! फसवलंत मला!" मी पण ऐकून घेणारी नाही. नंदूला त्यांच्या घरी पाठवलं. बघतो तर एक स्पीकर हॉलमध्ये, दुसरा लांब वायर जोडून किचनमध्ये! जुनं रेकॉर्डिंग, एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला तबला. गाणं सगळं किचनमध्ये काकूंना, आणि सर हॉलमध्ये बसून नुसता ठेका ऐकतायत.

नंदू म्हणाला, "सर, दोन्ही एकाच टेबलावर ठेवा, कानाच्या उंचीला."

काकू आतून म्हणाल्या, "काही नको रे, आहे तसंच राहू दे. तीस वर्षं ह्यांचा ठेका मी ऐकला, आता ऐकू दे त्यांना!"

*

बुवा मात्र रोज येत होते. चार दिवसांत सात सेट झाले. शेवटी नंदूने राहुलला आवडलेला तो वूफरवाला काढला आणि फुल्ल केला. शेजारचा झेरॉक्सवाला भांडायला आला, मेडिकलवाला पायरीवर येऊन बघायला लागला. बुवा शांतपणे म्हणाले, "ह्यो पण बारीक."

माझं तोंड म्हणजे ना! निघूनच गेलं, "बुवा, स्पीकर बस झाले, आता कान तपासा!"

बुवांनी पेन ड्राइव्ह खिशात टाकला आणि गेले. नंदू दिवसभर माझ्याशी बोलला नाही. मलाही फार वाईट वाटलं. माणूस पोरांसाठी धडपडतोय आणि आपण चारचौघांत असं बोललो. पंधरा दिवस ते फिरकले नाहीत. मी त्यांच्या बिल्डिंगपर्यंत दोनदा गेले, पण वर चढायचा धीर झाला नाही.

*

आणि एके सकाळी बुवा हजर, सोबत काकी. बुवांच्या कानामागे ऐकायचं छोटंसं मशीन. माझ्याकडे बघितलंही नाही. "सगळ्यात स्वस्तातलो लाव रे," नंदूला म्हणाले.

नंदूने आठशेवाली जोडी लावली, आवाज निम्म्यावर ठेवला, पोरांचं रेकॉर्डिंग सुरू केलं. बुवा पुढे वाकून ऐकायला लागले. मी देवाला हात जोडले. एक कडवं झालं. बुवांचा चेहरा पडला.

"बारीक येतो का हो?" मी घाबरत विचारलं.

"नाय गो. स्वच्छ येता." ते आमच्याकडे बघत राहिले. "ही पोरां बेसूर गातत! वर्षभर बेसूर गातत आणि मी वा वा करतंय!"

काकी म्हणाल्या, "वर्षभर मी तेच सांगतंय."

"सप्ताह कधी?" नंदूने विचारलं.

"एक महिनो रवलो."

बुवांनी आमच्याच कॉम्प्युटरवरून गावाला कॉल लावायला सांगितला. स्क्रीनवर पाच चेहरे आले, सगळे हसतायत. बुवांनी घसा खाकरला. "बाबांनो, आजपासून परत पयल्यापासून. सा लावा."

पाच पोरांनी पाच सा लावले. झेरॉक्सवाला पुन्हा दारात. नंदूने पटकन स्पीकरचं बटण कमी केलं.

बुवांनी हात पुढे करून ते पुन्हा वाढवलं.

"कमी करू नको रे. माका ऐकाक व्हया."