दिराच्या नावचे गहू

खरं सांगते, त्या श्रावणात मी आमच्या खानदेशच्या कुळदेवीवर, कानबाईवर रुसले होते. यावलला केळीच्या वखारीवर मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि तिथे नसलेल्या माझ्या धाकट्या दिराचं नाव फिर्यादीत आलं. जळगावच्या कोर्टाने जामीन नाकारला. म्हणे, हा साक्षीदारांवर दबाव आणेल. अहो, घरचं मांजर त्याचं ऐकत नाही! वकिलांनी हायकोर्टात अर्ज केला, पण माझा धीर सुटला होता. कसली देवी अन् कसलं काय, असं मी मनात म्हणायची.

आमची कानबाई धुळ्याला चुलतसासरे आबांकडे बसते. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांसाठी, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. रोट घरच्यांनीच खायचे, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. दिराचं नाव आलं तसा आबांचा हात थांबला. कोर्टानेच नाही म्हटलंय, यंदा त्याला वगळू या, असं ते हळूच म्हणाले. माझ्या सासूबाई एरवी आबांपुढे मान वर करत नाहीत. त्या दिवशी त्यांनी सूप स्वतःकडे ओढलं.

"जामीन नही भेटना, गुन्हा शाबित व्हयना का? तेना गहू मी मोजसू."

आबा बाजूला सरकले. मला रडू आलं आणि हसूही.

कानबाई उठली, तिचं विसर्जन झालं, बाकीचे रोट संपले, दिराचा तेवढा फडक्यात राहिला. आणि हायकोर्टात जामीन झाला! गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच धरायचा, हा वकिलांचा मुद्दा ऐकून मी चाटच पडले. सासूबाईंनी सूप ओढून हेच तर सांगितलं होतं.

जामीनदार, कागद यांत पौर्णिमेचा आदला दिवस उजाडला. आमचे हे वकिलांबरोबर अडकलेले, म्हणून सुटकेचा कागद घेऊन जळगावच्या तुरुंगाकडे मीच निघाले. संध्याकाळ झाली की तो तिथे घेत नाहीत, आणि रिक्षा एक थांबेना. मी हात जोडले. कानबाई, आता तूच बघ, माझं डोकं चालत नाही. तेवढ्यात एका अनोळखी बाईने स्कूटी थांबवली, गल्ल्यागल्ल्यांतून मला वेळेवर दारात सोडलं. नाव विचारलं तर तुरुंगाच्या भिंतीकडे बोट करून म्हणाली, "मना भाऊ बी मझारच शे." आणि गेलीसुद्धा.

त्याच रात्री दीर धुळ्यात रोट खायला बसला. रोट असा वाळलेला की दात पडायची वेळ! दह्यात बुडवून त्याने कण न् कण संपवला. आबा शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होते.

खटला अजून चालू आहे, पण माझा रुसवा गेला. आपण धावायचं तेवढं धावावं, उरलेलं तिच्या पायाशी ठेवावं, एवढंच मला कळलं. यंदा गहू मोजताना सासूबाईंनी घराण्याची सगळी नावं घेतली आणि वर सव्वा मूठ जास्त टाकली. ही कोणाची, असं आबांनी विचारलं.

"त्या स्कूटीवालीना भाऊनी," त्या म्हणाल्या.

घराण्याबाहेरच्याचे गहू आमच्यात कधीच पडले नव्हते. आबांनी सूप पुढे सरकवलं.